चाळीस नंबरचा दोरा

मास्तरांनी दुकानाला कुलूप लावलं त्याला आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत त्यांच्या बायकोला नवरा पहिल्यांदाच दिवसाउजेडी, सलग आणि पूर्णवेळ बघायला मिळाला, आणि तिला तो फारसा पसंत पडला नाही.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलरमास्तर. एकेचाळीस वर्षं ते जेवायला आणि झोपायला तेवढे घरी येत. आता घरीच बसल्यावर त्यांना पडद्यांची खालची दुमड तिरकी दिसू लागली. मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी दारातच सांगितलं, की तुमच्या शर्टाचा डावा खांदा उतरलाय. शेजारीण नवा कोट दाखवायला आली, तर मास्तरांनी कोट उलटा केला, अस्तर बघितलं आणि नुसतं "हं" म्हणाले. शेजारीण तेव्हापासून जिन्यात भेटली तरी भिंतीकडे बघत जाते. मास्तरीणबाईंनी हात टेकले.

दुकान का बंद केलं असं कुणी विचारलं, की मास्तर म्हणत, "कंटाळा आला." हे साफ खोटं होतं. कंटाळा यायला मास्तरांना वेळच मिळाला नव्हता. खरी गोष्ट अशी, की त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. फार नाही. कपातला चहा सांडणार नाही पण सुईत दोरा जाणार नाही, इतपतच. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जिवाला काही धोका नाही. डॉक्टरांच्या शर्टाची कॉलर तेव्हा एका बाजूला मोठी होती, पण मास्तर त्याबद्दलही काही बोलले नाहीत, यावरून त्यांची अवस्था समजावी. शेवटच्या पँटच्या खिशावरची शिलाई मुंगी गेल्यासारखी वाकडीतिकडी गेली. उसवली, पुन्हा घातली, पुन्हा मुंगी गेली. शेवटी तो खिसा मास्तरीणबाईंनी हातानं शिवून दिला. काज-बटणं आणि हातशिलाई दुकानात पहिल्यापासून त्यांच्याकडेच होती. पुढच्या आठवड्यात मास्तरांनी पाटी उतरवली.

हे दोघांनाच माहीत होतं. लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं. मास्तर बाकी सगळं सहन करू शकत होते, पण आपल्यामागे कुणी "बिच्चारे" म्हणालं तर ते त्यांना सहन होणार नव्हतं. त्यातला तो दुहेरी 'च' त्यांच्या कानात आधीपासूनच वाजत होता. आणि तो सगळ्यात मोठ्यांदा कोण म्हणेल हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. व्याही म्हणणार.

व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, बस डेपोतून निवृत्त झालेले. तीस वर्षं माइकवरून गाड्या सोडल्या होत्या. माइक गेला, आवाज राहिला. बातमी त्यांच्या कानात पडली, की ती सगळ्या नातेवाइकांत सुटलेली गाडीच समजायची. माणूस मनाचा चांगला, पण पोटात काही राहत नसे. दर रविवारी सकाळी ते तलावावर मासे पकडायला जात आणि दर रविवारी रिकाम्या पिशवीनं परत येत. विचारलं की सांगत, "पकडला आणि सोडून दिला. आपल्याला मारायचं नसतं, खेळायचं असतं."

या व्याह्यांच्या गळ्यात मास्तरांना बांधायचं, हा बेत आई आणि लेकीनं फोनवरच शिजवला. लेकीनं वडिलांना गळ घातली, जावयानं खरोखरचा गळच आणून दिला. सात फुटांची काळीभोर काठी, तिला खाली लावायचं एक चकचकीत रीळ, आणि डबीत चमच्यासारखी चमकणारी खोटी आमिषं. मास्तर नाही म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात व्याह्यांचा फोन आला. फोन कानाला लावायची गरज नव्हती.

"मास्तर! काठी आहे, रीळ आहे, लाइन तेवढी तुम्ही घ्या! सगळ्याला चालणारी घ्या, ऑलराउंड!"

"लाइन म्हणजे?"

"अहो, दोरा हो, दोरा! दोऱ्यातलं मी तुम्हाला काय सांगणार? रविवारी सहाला तयार राहा!"

फोन बंद झाला आणि मास्तर ताठ झाले. रीळ आणि दोरा! आठ महिन्यांत त्यांना कुणी दोऱ्याबद्दल अवाक्षर विचारलं नव्हतं. शर्टाच्या शिलाईत दोन नंबरांचा फरक ते डोळे मिटून बोटानं सांगत. माशाचा दोरा म्हणजे काय मोठं?

आता इथे थोडं शिवणकाम सांगणं भाग आहे. दोऱ्याला नंबर असतो, आणि टेलरच्या दुकानात नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. जाड पँटला वीस नंबर, तलम शर्टाला साठ किंवा ऐंशी. आणि ज्याला सगळ्याला चालणारा म्हणतात तो चाळीस. मास्तरांचं आयुष्य चाळीस नंबरावर गेलेलं. नव्या रिळाच्या कडेला बारीक अक्षरांत आठ असा आकडा होता. तो त्यांनी वाचला आणि हसून सोडून दिला. आठ नंबर म्हणजे पोती शिवायचा. रीळ बनवणाऱ्याला दोऱ्यातलं कळत नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

मासेमारीच्या सामानाचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. गल्ल्यावर चष्मा डोक्यावर सरकवलेली एक तरतरीत बाई होती. मास्तर काउंटरशी गेले आणि उजवा हात खिशात घालून म्हणाले,

"चाळीस नंबर द्या."

"चाळीस?" बाईनं चष्मा खाली घेतला. "कशासाठी हवाय, काका?"

"सगळ्यासाठी."

"मासा मोठा असेल ना?"

"तो त्याचा प्रश्न आहे," मास्तर म्हणाले. दोऱ्याच्या बाबतीत त्यांना उलटतपासणीची सवय नव्हती. बाईनं खांदे उडवले आणि चाळीस लिहिलेला बंद डबा पुढे सरकवला.

घरी येऊन डबा उघडला तर आत दोरा नव्हता, तार होती. मास्तरांच्या बोटांनी लगेच सांगितलं, की हे काहीतरी चुकतंय. पण एकेचाळीस वर्षांचा नंबर एकीकडे आणि बोटं दुसरीकडे म्हटल्यावर त्यांनी नंबराची बाजू घेतली. "माशांच्या धंद्यात सगळंच जाड असणार," असं बायकोला सांगून त्यांनी बाल्कनीत खुर्ची टाकली आणि दोरा रिळावर भरायला घेतला.

पहिले वीस-पंचवीस वेढे दोरा गप्प राहिला. मग त्याला आपला मूळ आकार आठवला. रिळाच्या तोंडातून एक वेटोळं उसळून बाहेर आलं, त्यामागे दुसरं, आणि मग सगळेच निघाले. मास्तरांनी उजव्या हातानं दाबायला बघितलं तर ते डावीकडून सुटले. गुडघ्यांत धरले तर खुर्चीच्या पायांत गेले. पाच मिनिटांत दोरा कुंडीला, कपडे वाळत घालायच्या दांडीला, मास्तरांच्या चष्म्याला आणि खुद्द मास्तरांना असा सगळीकडे पोचला होता. समोरच्या बाल्कनीतली दोन माणसं चहाचे कप घेऊन कठड्याशी येऊन उभी राहिली.

मास्तरीणबाई कात्री घेऊन आल्या. एकेक वेढा कापत कापत त्यांनी नवरा मोकळा केला. हसू त्यांनी इतकं आवरून धरलं होतं, की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"जाड निघाला," मास्तर म्हणाले.

"दिसलं मला."

"उद्या जाऊन बारीक आणतो. साठ. नाहीतर सरळ ऐंशीच."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मास्तर दारात हजर. बाईनं शटर वर केलं तसं त्यांनी सुरुवात केली. "कालचा फारच जाड निघाला. मला बारीक हवाय. ऐंशी नंबर द्या."

बाईनं त्यांच्याकडे बघितलं. मग आत गेली आणि एक डबा दोन्ही हातांनी उचलून आणून काउंटरवर ठेवला. त्यातल्या दोऱ्यानं गच्चीवरची पाण्याची टाकी खाली उतरवता आली असती.

"हा ऐंशी," ती म्हणाली.

मास्तर डब्याकडे बघत राहिले. कपाळावर एक आठी चढली, मग दुसरी. "म्हणजे तुमच्याकडे नंबर..."

"वजनाचा असतो, काका. दोरा किती पौंड पेलतो, तो नंबर. मोठा नंबर, जाड दोरा."

"उलटा?"

"आमच्याकडे सुलटा. तुमच्याकडे कसा असतो?"

मास्तरांनी सांगितलं. बाई आधी हसली, मग तोंडावर हात ठेवून हसली, मग स्टूल पुढे ओढून म्हणाली, "बसा. चहा सांगते." ती हसली याचा मास्तरांना राग यायला हवा होता. पण ती त्यांच्या हाताला हसत नव्हती, नंबरांना हसत होती, आणि त्या हिशोबानं त्यांना ते चाललं.

"तुमच्या रिळावर काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"आठ," मास्तर हळूच म्हणाले.

"मग आठच घ्या की! रीळ बनवणारा वेडा असतो का?"

यावर मास्तरांनी चहाचा मोठा घोट घेतला.

बाईनं तीन दोरे काढून त्यांच्यासमोर ठेवले आणि मास्तरांनी डोळे मिटून डाव्या हाताची बोटं त्यांवरून फिरवली. पहिल्यावर म्हणाले, "हा विणलेला आहे. चार पदरांचा." दुसऱ्यावर, "हा ताठ. उसवताना त्रास देणार." तिसरा त्यांनी दोन बोटांत धरून हलकेच ओढला. "हा ताणतो. बनियनच्या कापडासारखा. ओढला तर येतो, सोडला तर जातो." बाईच्या भुवया वर गेल्या. तिन्ही उत्तरं अगदी बरोबर होती. इतके दिवस गल्ल्यावर बसून तिला असं बोटांनी सांगणारं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं, आणि तिनं ते बोलून दाखवलं. मास्तरांना बरं वाटलं, फार बरं वाटलं.

मग ती समजावून सांगायला लागली. ताठ दोरा पाण्यात दिसत नाही, पण छोट्या रिळावर नवख्याला छळतो. विणलेला दिसायला बारीक आणि ताकदीला दांडगा, पण त्याच्या अंगात ताण म्हणून नाही. "इकडे तुमचं बोट हललं की तिकडे पाण्यात आमिष हललंच. सगळं जसंच्या तसं पोचवतो. आणि हा नायलॉनचा. हा ताणतो ना, म्हणून अर्धं पोटात घालतो. हात चुकला, जरा जास्त ओढलं, हिसका बसला, तरी सांभाळून घेतो. एक काठी, एक रीळ आणि येईल तो मासा, असं असेल तर काका, डोळे मिटून हा घ्या."

ती हे त्यांच्या हाताकडे बघत बोलली की दोऱ्याकडे, ते मास्तरांना कळलं नाही. हात तेव्हा कपाशी होता आणि कप बशीवर बारीक वाजत होता. पण 'अर्धं पोटात घालतो' हे शब्द त्यांनी पक्के धरले. सगळं जसंच्या तसं पोचवणारा एक माणूस रविवारी शेजारी उभा असणारच होता. निदान दोरा तरी पोटात घालणारा हवा.

"आठ नंबर. नायलॉन," ते म्हणाले.

तिनं दोरा बांधला आणि एक नखाएवढी चाप असलेली कडी बरोबर दिली. कडी एकदाच दोऱ्याला बांधून ठेवायची, मग आमिषं नुसती अडकवायची आणि काढायची, तलावावर गाठ मारत बसायला नको. "पँटच्या हुकासारखं," मास्तर म्हणाले आणि त्यांच्या मनावरचं निम्मं ओझं तिथेच उतरलं. गाठीचीच त्यांना धास्ती होती.

या वेळी दोरा शहाण्यासारखा रिळावर चढला. शिलाई मशीनची बॉबिन काठोकाठ भरायची नसते हे मास्तरांना कुणी सांगायला नको होतं, त्यांनी रीळही काठापासून जरा खाली ठेवलं. कडी बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी दोऱ्याचं टोक एकदा कडीशी नेलं, दोनदा नेलं, मग काठी आणि कडी दोन्ही बायकोसमोर ठेवली. मास्तरीणबाईंनी गाठ मारली, जिभेनं ओली केली आणि ओढून पक्की केली.

"धरेल?" मास्तरांनी विचारलं.

"माझं एक तरी बटण तुटलेलं आठवतंय?"

ते काही आठवेना.

रविवारी सहाला व्याही आले. अंगात सतरा खिशांचं जाकीट. मास्तरांनी गाडीत बसल्या बसल्या पाहिलं, की त्यातला एकही खिसा दुसऱ्याच्या रेषेत नाही, आणि मान वळवून ते खिडकीबाहेर बघत बसले. तलावावर धुकं उतरलं होतं आणि पाणी काचेसारखं पडून होतं. "शूऽऽ!" व्याही म्हणाले, "इथे हळू बोलायचं! मासे घाबरतात!" समोरच्या काठावरचा एक पक्षी उडून गेला.

मास्तरांचं पहिलं आमिष मागच्या झुडपात गेलं, दुसरं स्वतःच्या बुटाशी पडलं. तिसरं मात्र दूर, छान, बुडुक करून पाण्यात गेलं. मास्तर खूश झाले. त्यांनी डाव्या हातानं रीळ हळूहळू फिरवायला घेतलं, उजव्या हातानं काठी धरली, सहज वर नजर टाकली आणि रीळ फिरवणारा हात जागच्या जागी थांबला.

काठीचं टोक थरथरत होतं.

हाताशी जे कुणाच्या नजरेत भरत नव्हतं ते सात फुटांवर स्पष्ट दिसत होतं. आठ महिने जी गोष्ट त्यांनी खिशात लपवली, ती आता हवेत उंच धरून ते जगाला दाखवत उभे होते. त्यांनी कोपर बरगड्यांशी दाबलं, टोक तरीही थरथरलं. पोट आत घेतलं, श्वास धरला, पण टोक थांबलं नाही.

"वारा आहे जरा," मास्तर म्हणाले.

व्याह्यांनी मान वळवली. त्यांनी टोकाकडे बघितलं. पाण्यावर एक सुरकुती नव्हती. ते तोंड उघडणार, एवढ्यात मास्तरांच्या हाताला हिसका बसला, काठी वाकली, रीळ करकरलं, आणि मास्तर "अहो, अहो, अहो!" असं ओरडत तीन पावलं पाण्यात गेले. दोरा ताणला, सैल झाला, पुन्हा ताणला. बायकोची गाठ टिकली. काठावर वीतभर लांबीचा एक मासा येऊन पडला आणि दोन्ही म्हातारे त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"नशीब!" व्याही म्हणाले.

पाऊण तासात नशिबानं दुसरा मासा दिला. तिसरा आला तेव्हा व्याह्यांनी स्वतःची काठी खाली ठेवली आणि जवळ येऊन टोकाकडे डोळे बारीक करून बघायला लागले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"मास्तर," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खरोखर खाली आला होता. "हे टोक तुम्ही कसं हलवता?"

"कसं म्हणजे?"

"ते बारीक बारीक. माशाला खरंच वाटतंय, की आमिष जिवंत आहे म्हणून. कुठे शिकलात?"

मास्तरांसमोर सुटकेची वाट आपण होऊन चालत आली होती. "ते... मनगटातलं असतं," ते म्हणाले.

"शिकवा मला."

व्याह्यांनी काठी उचलली, दूर आमिष टाकलं आणि मनगट हलवायला सुरुवात केली. टोक आधी काटकोनात गेलं, मग गोल फिरलं, मग एखाद्याला रस्त्यावरून बोलवावं तसं हललं. "असं?" "नाही, बारीक." "असं?" "आता फार झालं." "आता?" "आता अगदीच खोटं वाटतंय." बिचाऱ्यांनी अर्धा तास जीव ओतला. मग सतरा खिशांसकट मटकन दगडावर बसले.

"मास्तर, कुणाला सांगू नका," ते पाण्याकडे बघत म्हणाले. "मी तीन वर्षांत एकही मासा पकडलेला नाही."

"तुम्ही तर सोडून देता ना?"

"काय सोडणार? लागला तर सोडणार ना! घरात सगळ्यांना वाटतं मी मोठा दयाळू आहे."

मास्तर त्यांच्या शेजारी बसले. पोटात काही न राहणाऱ्या माणसानं तीन वर्षं ही एक गोष्ट पोटात ठेवली होती आणि आज ती मास्तरांच्या ओटीत टाकली होती. आता मनगटाची थाप मारणं मास्तरांच्यानं होईना. त्यांनी उजवा हात पुढे धरला, उघडा, तळवा खाली.

"हे मी करत नाही," ते म्हणाले. "हात करतो. आपोआप. दुकान त्यानंच बंद केलं. कंटाळा बिंटाळा काही नाही."

व्याह्यांनी हाताकडे बघितलं. मास्तरांनी जबडा घट्ट आवळला आणि त्या दुहेरी 'च'ची वाट बघू लागले.

व्याह्यांनी स्वतःचा हात त्या हाताशेजारी धरला. जाडजूड, टणक, दगडासारखा जागच्या जागी. त्यांनी तो वळवून बघितला, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे," ते म्हणाले, "हे मला कधीच जमणार नाही?"

मास्तरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. जाकिटाच्या शिलाईवर तो हात बारीक थरथरत राहिला आणि मास्तरांनी तो काढून घेतला नाही.

दुपारी मास्तर घरी आले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती आणि पिशवीत तीनांतले दोन मासे होते. एक त्यांनी व्याह्यांना दिला होता, घरी दाखवायला. मास्तरीणबाईंनी आधी गाठ तपासली, मग मासे बघितले, मग नवऱ्याचा चेहरा बघितला, आणि काळजीनं विचारलं, "व्याह्यांना काही कळलं नाही ना?"

"सगळं सांगितलं मी."

"अगं बाई! मग? काय म्हणाले ते?"

मास्तरांनी उजव्या हातानंच पेला उचलला. तो जरा हिंदकळला, दोन थेंब जमिनीवर पडले, आणि त्यांनी ते पडू दिले.

"ते काय म्हणणार?" मास्तर म्हणाले. "हात अगदी स्थिर आहे गं त्यांचा. बिच्चारे."